अर्ध्या तासाची दुरुस्ती

नगरला सावेडीत आमच्या घराच्या मागच्या रस्त्याला एका डॉक्टरबाईंचं प्रसूतिगृह होतं. नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं. मी डिप्लोमा संपवून लोकांना संगणक जोडून द्यायची कामं करत होतो, आणि बाईंनी बिलं छापायला एक संगणक माझ्याकडून घेतला होता. तिथं येणं-जाणं सुरू झालं तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, की बाळ जन्मलं की नातेवाइकांचे प्रश्न दोनच असतात. मुलगा की मुलगी, आणि किती वाजता. पहिल्या उत्तरावर वाद घालायला जागा नसायची. दुसऱ्यावरून मात्र व्हरांड्यात हमरीतुमरी व्हायची. प्रसूतीच्या खोलीतलं भिंतीवरचं घड्याळ एक सांगे, सिस्टरच्या मनगटावरचं दुसरं, आणि बाहेर बाकावर बसलेल्या मामाचं तिसरंच. पत्रिका मांडायची तर मिनिटं हवीत, आणि मिनिटांवर कुणाचं एकमत होत नसे. बाई वैतागून म्हणायच्या, "मी बाळ बघू की घड्याळ बघू?"

आमच्या घरात पत्रिका हा प्रकार नाही. आजोबांनी धम्मदीक्षा घेतली त्याच वर्षी घरातलं पंचांग चुलीत गेलं, असं वडील सांगायचे. माझा जन्म संध्याकाळी झाला, शेजारच्या घरात कंदील लागला होता, एवढीच माझी जन्मवेळ. वडील शाळामास्तर. त्यांच्यासमोर कुणी राहूकाळ म्हटलं तरी त्यांच्या कपाळावर आठी पडायची. आणि त्या घरातल्या मुलाला, म्हणजे मला, नगरमधली सगळ्यात अचूक जन्मवेळ छापणारं यंत्र बनवायची खुमखुमी आली.

यंत्र तसं साधं होतं. प्रसूतीच्या खोलीत दाराच्या घंटीचं बटण बसवलं आणि त्याची वायर बाहेर काउंटरवरच्या संगणकात आणली. बाळ बाहेर आलं की सिस्टरनं कोपरानं बटण दाबायचं. दाबलं की बाहेरचा प्रिंटर करकर करत एक चिठ्ठी छापायचा. त्यावर तारीख, तास, मिनिटं आणि सेकंद. बटणाचा इशारा संगणकाच्या पोटात पोचवायला मी स्वतः एक ड्रायव्हर, म्हणजे मधल्या दुभाष्याचं काम करणारा छोटा प्रोग्रॅम, लिहिला होता. संगणकावर मी बाजारातली नेहमीची नव्हे, तर मासिकाबरोबर फुकट आलेल्या सीडीवरची, जगभरच्या हौशी लोकांनी मिळून लिहिलेली ऑपरेटिंग सिस्टीम चढवली होती. तिचा आतला कोड उघडून वाचता यायचा. मी तो वाचायचो, आणि वाचतो हे चारचौघांत सांगायचोही.

लोकांना ती चिठ्ठी भलतीच आवडली. कॉम्प्युटरची वेळ म्हटल्यावर मामा लोक गप्प झाले. व्हरांड्यातल्या माणसांना बाळाच्या रडण्याच्या आधी प्रिंटरची करकर ऐकू यायची आणि सगळे उठून उभे राहायचे. गुरुजी मंडळी म्हणे त्या दवाखान्याची चिठ्ठी असली की दुसरं काही विचारत नसत. बाईंचा वैताग संपला. मी हवेत होतो. वडिलांनी एकदाच विचारलं, "ही चिठ्ठी घेऊन लोक काय करतात, ठाऊक आहे ना?" मी म्हटलं, ते लोकांचं लोक बघतील, मी फक्त वेळ देतो. ते वर्तमानपत्र उघडून बसले.

आता वेळेचं थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. संगणकात दोन घड्याळं असतात. एक खाली बोर्डावर, नाण्याएवढ्या सेलवर चालणारं. वीज गेली तरी ते टिकटिकत राहतं. दुसरं असतं ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात, ज्याला कर्नल म्हणतात. ते संगणक चालू असेपर्यंतच चालतं. सकाळी संगणक सुरू केला की कर्नल खालच्या घड्याळाला वेळ विचारतो आणि तिथून स्वतः मोजू लागतो. मी रोज नाही, पण दर आठवड्याला ट्रान्झिस्टर घेऊन दवाखान्यात जायचो. बातम्यांच्या आधी रेडिओवर टूं-टूं वाजतं, त्या शेवटच्या टूंवर कळ दाबून कर्नलची वेळ लावायचो. आणि कर्नलला सांगून ठेवलं होतं, की तुझी वेळ खरी आहे असं समज आणि ती अधूनमधून खालच्या घड्याळात उतरवत जा. तो ते काम दर अकरा मिनिटांनी इमानेइतबारे करायचा.

त्या उन्हाळ्यात आमच्या भागातला ट्रान्सफॉर्मर जळाला. वीज दोन दिवस नव्हती, आणि खालच्या घड्याळाचा सेल म्हातारा झाला होता. वीज आल्यावर पाहतो तर घड्याळ वीस-बावीस मिनिटं मागं पडलेलं. मी ट्रान्झिस्टर लावला, कर्नलची वेळ बरोबर केली, एक चिठ्ठी छापून पाहिली, ती रेडिओशी जुळली. खालचं घड्याळ कर्नल आपोआप दुरुस्त करेल, या भरवशावर घरी येऊन जेवलो. नवा सेल पुढच्या वेळी टाकू म्हटलं.

पुढचा आठवडा मला दुसऱ्या कामासाठी कोल्हारला जावं लागलं. परत आलो आणि सकाळच्या बातम्यांना नेहमीप्रमाणे दवाखान्यात ट्रान्झिस्टर घेऊन बसलो. रेडिओवर टूं वाजलं आणि संगणकाच्या पडद्यावर वेळ होती साडेसहा. बातम्या सातच्या होत्या. मी भिंतीवरचं घड्याळ बघितलं. तिथंही साडेसहा! काउंटरवरच्या मुलीला विचारलं तर ती सहज म्हणाली, "ते पुढं गेलं होतं ना सर, मी कॉम्प्युटरवरून लावून घेतलं." माझ्या यंत्राचा दरारा असा, की माणसांनी बरोबर चाललेलं घड्याळ मागं केलं होतं. बाई त्या आठवड्यात सगळीकडे उशिरा पोचत होत्या, पण त्या नेहमीच उशिरा पोचायच्या, त्यामुळे कुणाला काही वाटलं नाही.

चूक बरोबर अर्ध्या तासाची कशी, हे मला सुचेना. सेल म्हातारा असला तर घड्याळ काहीही दाखवेल, बरोबर अर्धा तासच मागं कसं पडेल? मी घरी येऊन कर्नलचा कोड उघडला आणि जेवणाला हाक आली तरी उठलो नाही. शेवटी सापडलं. कर्नल खालच्या घड्याळात वेळ उतरवतो तेव्हा तासाला हात लावत नाही, फक्त मिनिटं आणि सेकंद लावतो. कारण कुणी खालचं घड्याळ ग्रिनिचच्या वेळेवर ठेवतं, कुणी आपल्या गावच्या. पण काही देश असे आहेत की त्यांची वेळ ग्रिनिचपासून साडे-काहीतरी तासांवर आहे. त्यात आपला देश. म्हणून लिहिणाऱ्यानं एक सोय करून ठेवली होती. दोन घड्याळांच्या मिनिटांत पाव तासाहून जास्त फरक दिसला, तर समजायचं की हा अर्ध्या तासाचा मुलूख आहे, आणि मिनिटं अर्ध्या तासानं सरकवून लिहायची. माझं घड्याळ वीस-बावीस मिनिटं मागं होतं. कर्नलला ते बिघडलेलं वाटलंच नाही, अर्ध्या तासाच्या मुलखातलं वाटलं. त्यानं मोठ्या प्रामाणिकपणे ते पूर्ण अर्धा तास मागं नेऊन ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिथूनच वेळ उचलली.

मला काय आनंद झाला ते सांगता सोय नाही. कुठं तो परदेशातला लिहिणारा, त्यानं आपल्यासारख्यांची आठवण ठेवून टाकलेली एक ओळ, आणि ती सापडली सावेडीतल्या मला. हे कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडेना.

बाईंना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "घड्याळ नीट कर आणि सेल बदल. झालं ते झालं."

"पण मॅडम, त्या आठवड्यात तीन बाळं झालीत. तिघांच्या चिठ्ठ्या चुकीच्या आहेत."

"बाळं ठणठणीत आहेत. मी तेवढंच बघते. तूही तेवढंच बघ."

मला वाटलं, बाईंना दवाखान्याचं नाव जपायचंय. माझ्या डोक्यात तिडीक गेली. चुकीची वेळ म्हणजे चुकीची वेळ, ती सुधारलीच पाहिजे, असं मी तावातावानं बोललो आणि रजिस्टरमधून तिघांचे पत्ते उतरवून घेतले. त्या अडवायला गेल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "सगळ्यांना सगळं सांगायचं नसतं रे." तेव्हा मला ते भित्र्या माणसाचं बोलणं वाटलं.

पहिलं घर सावेडीतलंच, ख्रिस्ती शिक्षकांचं. त्यांनी हसून माझी दुरुस्त वेळेची चिठ्ठी ठेवून घेतली आणि मला केक खायला घातला. दुसरे बँकेतले. त्यांनी अजून पत्रिका केलीच नव्हती. तिसरं घर दोन तासांवरच्या काष्टी गावातलं. मी स्कूटर काढली आणि उन्हातून काष्टीला गेलो.

काष्टीच्या बाहेर, शेतातल्या वस्तीवर ते घर होतं. घरात सासू आणि बाळंतीण. सुनेला माहेरचं कुणी उरलं नव्हतं, म्हणून बाळंतपण सासरीच होतं. मुलगा फौजेत, सीमेवर कुठंतरी. मुलगी झाल्याची तार त्याला गेली होती, सुट्टी मंजूर झाली होती, आणि तो एक-दोन दिवसांत पोचणार होता. सासूबाई अंगणात शेंगा फोडत बसल्या होत्या. मी दवाखान्यातून आलोय म्हटल्यावर त्या घाबऱ्या झाल्या. मी म्हटलं, बाळाचं काही नाही, वेळेचं आहे. आणि मी सुरू झालो. दोन घड्याळं, सेल, अर्ध्या तासाचा मुलूख, सगळं. बाईंना मी जे तावानं सांगितलं ते इथं मोठ्या गोडीनं सांगितलं. त्यांनी शेंगा फोडायचं थांबवून सगळं ऐकलं.

"म्हंजी खरी येळ कोनती?"

"चिठ्ठीवर आहे त्याच्या अर्धा तास पुढची."

"नक्की का रं बाबा?"

"शंभर टक्के."

त्यांनी आत जाऊन चिठ्ठी आणली, माझ्याकडून आकडे दुरुस्त करून घेतले, मला दूध-साखर घालून चहा दिला. आत पाळणा होता, बाळ कुरकुरत होतं. खरं बोलायला इतक्या लांब कोन येतंय, असं त्या दोनदा म्हणाल्या. मी परतीच्या वाटेवर स्कूटरवर शीळ घालत होतो.

तीनचार दिवसांनी एक उंच, काळासावळा, कडक इस्त्रीचा शर्ट घातलेला माणूस आमच्या घरी आला. त्यानं नाव-गाव सांगितलं, काष्टीचं म्हटल्यावर मी खुर्ची दिली. तो त्या बाळाचा बाप होता. बसला आणि म्हणाला, "साहेब, ते घड्याळाचं काय झालं हुतं, मला जरा दाखवाल का?"

माझी कळी खुलली. त्याला घेऊन दवाखान्यात गेलो. दुपारची वेळ, काउंटरवर कोणी नव्हतं. तो फौजेत वायरलेसवर काम करायचा, त्यामुळे सांगितलेलं त्याला भराभर कळत होतं. मी कर्नल म्हटलं तेव्हा तो पहिल्यांदा हसला. "आमच्याकडं पन कर्नल असतो. त्यो बी समदं आपल्याच हिशोबानं धरतो." मी खालचं घड्याळ मुद्दाम बावीस मिनिटं मागं केलं, कर्नलची वेळ बरोबर ठेवली आणि म्हटलं, आता अकरा मिनिटं थांबा.

ती अकरा मिनिटं मला अजून आठवतात. पंखा फिरत होता. तो गुडघ्यावर हात ठेवून पडद्याकडे बघत होता. मला वाटत होतं, याला यंत्राची गोडी लागलीय. अकरा मिनिटं झाली, मी खालचं घड्याळ वाचून दाखवलं. अर्धा तास मागं. अगदी ठरल्यासारखं. मी विजयानं त्याच्याकडे बघितलं.

तो म्हणाला, "अजून एकडाव करता का?"

मी अजून एकदा केलं. तेच उत्तर आलं.

"आन बटन? बटन दाबायला सिस्टरला उशीर झाला असंल तर? दहा-पंधरा मिन्टं?"

"छे हो," मी म्हटलं. "बाळ बाहेर आलं की लगेच दाबतात. शिवाय मी लिहिलेला ड्रायव्हर आहे, त्यात एका सेकंदाची चूक निघणार नाही."

"व्हय," तो म्हणाला. उठला, हात जोडले आणि गेला.

रात्री जेवताना मी ही हकिकत वडिलांना सांगितली, फौजी माणूस किती हुशार होता ते सांगितलं. वडिलांनी विचारलं, "तो आला कशाला होता?"

"बघायला. घड्याळ कसं चुकलं ते."

"सुट्टीवर आलेला माणूस, घरात पहिली मुलगी, आणि तो दोन तास एसटीनं येऊन तुझं घड्याळ बघतो?"

मला पत्रिका कळत नव्हती, पण माणूस का आला असेल हे कळायला पत्रिका लागत नाही. सकाळी उठून मी बाईंकडे गेलो आणि विचारलं. त्यांना सगळं ठाऊक होतं, कारण सासूबाई मधे एकदा औषधाला येऊन गेल्या होत्या. पहिल्या चिठ्ठीप्रमाणे बाळ पुष्य नक्षत्रावर होतं, म्हणजे उत्तम. मी दुरुस्त केलेल्या वेळेप्रमाणे पुष्य संपून आश्लेषा लागली होती. लागून दहा मिनिटं झाली होती. गावच्या गुरुजींनी सांगितलं, मूल बापाला जड आहे. तेच नक्षत्र सत्तावीस दिवसांनी फिरून येईल त्या दिवशी त्याची शांत करायची, आणि तोपर्यंत बापानं मुलीचं तोंड बघायचं नाही. नक्षत्र फिरून यायच्या कितीतरी आधी त्याची सुट्टी संपत होती.

"तुम्ही मला तेव्हाच का नाही सांगितलंत?" मी म्हटलं.

"मला तरी कुठं माहीत होतं नक्षत्र कधी बदलतं ते," बाई म्हणाल्या. "मी एवढंच जाणते की वेळ सांगितली की कुणाचं तरी काहीतरी बिघडतं. म्हणून गप्प बस म्हटलं होतं."

मला सांगायला लाज वाटते, पण तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा राग आला तो त्या लोकांचा. असल्या खुळ्या समजुती कशाला धरायच्या? मग आठवलं, त्या समजुतीसाठीच तर मी बटण बसवलं होतं. ज्या पंचांगाला आमच्या घरातून हाकललं, त्याला मी सेकंदापर्यंत वेळ पुरवत होतो आणि वर कौतुक करून घेत होतो. तो माणूस माझ्याकडे एवढंच मागायला आला होता, की सांगा, कदाचित, कोण जाणे, दहा मिनिटं इकडं तिकडं झाली असतील. त्यानं एक दार उघडून दिलं होतं आणि मी ते त्याच्या तोंडावर लावून घेतलं, माझा ड्रायव्हर कसा बिनचूक आहे हे सांगायला. मी त्या दिवशी त्याच्याशी जितकं खरं बोललो तितकं खरं आयुष्यात कुणाशी बोललो नसेन. ते आठवलं की आजही मला स्वतःची शिसारी येते.

मी परत काष्टीला गेलो, आणि या वेळी खोटं बोलायला गेलो. वाटेत वाक्यं जुळवत होतो. सिस्टरनं कबूल केलंय, बटण दाबायला उशीर झाला, हात मोकळा नव्हता, चांगली पंधरा मिनिटं गेली. म्हणजे पुष्यच. अंगणात सासूबाई होत्या. मी हे सगळं म्हणून दाखवलं.

त्या म्हणाल्या, "बाबा, म्या दाराला कान लावून उभी हुते. पोरगी रडली आन तुझी मशीन वाजली, एकदम. मधी येक श्वास बी न्हाई गेला."

या वेळी त्यांनी मला बस म्हटलं नाही.

"तू खरं सांगाय आला म्हनून तुला देवावानी मानलं. आता माझ्या पोराची दया आली म्हनून खोटं बोलतोस व्हय? दया मला न्हाई का त्याची?" त्यांचा आवाज चढला नाही. "त्याच्या बापाला म्या भरल्या कपाळानं जाऊ दिलं आन परत बघितला न्हाई. तिकडं सीमेवर गोळ्या सुटत्यात, त्या मला अडवता येत न्हाईत. एवढं येक माझ्या हातात हाय. ते बी सोडू का?"

यावर वडील असते तर काय बोलले असते, ते मला सांगता येत नाही. ती बाई अडाणी नव्हती आणि दुष्टही नव्हती. ती घाबरलेली होती, आणि तिच्या भीतीला मी शंभर टक्क्यांची खात्री आणून दिली होती.

तिचा मुलगा मागच्या शेतात, विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत राहत होता. घरापासून हाकेच्या अंतरावर. मी तिकडे गेलो. खाट, घडी घातलेली गोधडी, पाण्याचा तांब्या. त्यानं मला खाटेवर बसवलं, स्वतः उंबऱ्यावर बसला. बसलो तेवढ्यात घरातून बाळाच्या रडण्याचा आवाज आला. तो बोलता बोलता थांबला, रडणं थांबेपर्यंत काही बोलला नाही, मग पुढं बोलू लागला. मी माफी मागितली. काल मला तुमचं बोलणं समजलं नाही म्हटलं. तो म्हणाला, "राहू द्या साहेब. तुमी काय मुद्दाम केलं न्हाई."

मी हळूच म्हटलं, "एकदा बघून या की. आई शेतात गेल्या की. कुणाला कळणार आहे?"

"म्या न्हाई मानत हे," तो म्हणाला. "बघितली आसती कवाच. पन साहेब, उद्या तिकडं मला काई झालं, तर आई म्हनंल, ह्यानं लपून बघितलं आसंल. मंग ती पोरीला धरंल. जलमभर धरंल. माझ्या बायकूचं तरी कोन हाय दुसरं? म्हनून न्हाई बघायचं. मला काई झालं तरी पोरीवर यायला नगं."

उलट त्यानंच मला बांधापर्यंत सोडलं, स्कूटरला किक मारून दिली. दोन-तीन दिवसांनी तो ड्युटीवर गेला. मी स्टँडवर गेलो नाही. जायचं धाडस झालं नाही.

दवाखान्यात जाऊन मी बटण काढून टाकलं. बाईंनी कारण विचारलं नाही. सिस्टर परत मनगटावरचं घड्याळ बघून वेळ सांगू लागली आणि व्हरांड्यात पुन्हा मामांची भांडणं सुरू झाली. ती भांडणं किती शहाणी होती हे मला तेव्हा कळलं. कुणाचं घड्याळ पुढं, कुणाचं मागं, त्यात मधे कुठंतरी बाळाला बसायला जागा असायची. मी ती जागा बुजवली होती.

शांतीच्या दिवसाचं मला बोलावणं आलं. सासूबाईंनी खास माणूस पाठवला होता. न जाण्याचे सगळे बहाणे करून पाहिले. वडील म्हणाले, "जा. तुझ्यामुळे आहे, तर बघून ये." ते मला शिक्षा करत नव्हते, पण तसं वाटलं खरं.

अंगणात मांडव घातला होता. गुरुजींनी सत्तावीस ठिकाणचं पाणी की काय ते कलशात भरलं होतं, धूर डोळ्यांत जात होता. शांत झाल्यावर बापानं मुलाचं तोंड आधी काशाच्या वाटीतल्या तेलात बघायचं, मग प्रत्यक्ष, अशी रीत. बाप नव्हता. सासूबाईंनी त्याचा गणवेशातला फोटो आणून पाटावर उभा केला, समोर तेलाची वाटी ठेवली, आणि सुनेनं बाळाला वाटीवर धरलं. फोटो सारखा मागं कलंडत होता, म्हणून कुणीतरी त्याला तांब्याचा टेकू दिला. मग गुरुजी म्हणाले, झालं, आता दोष गेला. सासूबाईंनी पदरानं डोळे पुसले. त्यांचा चेहरा इतका मोकळा झाला होता, की माझ्याच्यानं बघवेना.

मग त्यांनी मला पुढं बोलावलं. सगळ्या पाहुण्यांसमोर माझ्या डोक्यावर टोपी घातली, हातात नारळ दिला. "ह्ये लेकरू सांगाय आलं न्हसतं तर आमाला काय कळलं आसतं?" त्या सगळ्यांना सांगत होत्या. "ह्याच्यामुळं माझा पोरगा वाचला." लोकांनी माना डोलावल्या. एक म्हातारे माझी पाठ थोपटून गेले. मी नारळ धरून उभा राहिलो. नको म्हणालो असतो तर त्या माउलीचा त्या दिवसाचा निवांतपणा गेला असता, आणि घेतला तर काय घेतोय ते मला माहीत होतं. मी घेतला.

पंगत बसायच्या आधी मी निघायला म्हणून ओसरीवर चपला शोधत होतो, तेव्हा सून आतून आली. बाळ तिच्या हातात होतं. इतक्या दिवसांत ती माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती. मीही तिच्याशी बोललो नव्हतो. पहिल्यांदा आलो तेव्हा ती आत पाळण्याशी होती आणि मी अंगणात दोन घड्याळांचं सांगत होतो. ती माझ्यासमोर उभी राहिली आणि तिनं दुपट्याचा कोपरा बाजूला केला.

"हिच्या बापानं न्हाई बघितली," ती म्हणाली. "तुमी बघा."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. मी मान वर करू शकत नव्हतो, पण ती हलली नाही. मग मी बघितलं. मुलगी जागी होती. रंग बापाचा, भुवया बापाच्या, आणि हनुवटीवर मधोमध त्याच्यासारखीच खळी. ओसरीवरच्या बायका म्हणत होत्या, अगदी बापावर गेलीय. त्या घरातल्या सगळ्यांना ते ठाऊक होतं, गुरुजींना ठाऊक होतं, आता मलाही ठाऊक झालं होतं. फक्त त्याला नव्हतं.